फ्रीलान्स लेखकाच्या एकटेपणाची डागडुजी

गुरुवारची दुपार. दाराची बेल वाजते, पार्सल घेऊन आलेला माणूस नाव विचारतो आणि आपलंच नाव सांगताना घशातून घोगरा आवाज निघतो. खाकरून पुन्हा सांगावं लागतं, कारण सोमवारपासून तोंडाने कुणाशी बोलणंच झालेलं नसतं. घरी बसून लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रसंग ओळखीचा असेल.

लिहायला एकांत लागतो, तो आपण मागून घेतलेला असतो. एकटेपण मात्र न मागता मागच्या दाराने येतं आणि बरेच दिवस एकांताचे कपडे घालून बसतं, म्हणून ओळखायला उशीर होतो. नोकरी सोडताना पगार, रजा, विमा यांचा हिशेब प्रत्येक जण मांडतो. ऑफिसात फुकट मिळणाऱ्या माणसांचा हिशेब कुणी मांडत नाही. ती माणसं परत आणायची तर 'वाटेल तेव्हा भेटू' म्हणून चालत नाही. डेडलाइनसारखी तारीख आणि वेळ घालावी लागते. त्याआधी नेमकी गळती कुठे आहे ते शोधावं लागतं, नाहीतर छप्पर गळतंय आणि आपण नळाचा वॉशर बदलतोय असं होतं.

चौदा दिवसांची नोंद

वहीचं एक पान घ्या. मोबाईलवर नोंद ठेवू नका. तो हातात आला की नोंद बाजूला राहते आणि अर्धा तास भलतीकडे जातो. रोज झोपण्यापूर्वी पाच गोष्टी लिहायच्या: आज तोंडाने कुणाकुणाशी बोलणं झालं (मेसेज धरायचे नाहीत), एकूण किती मिनिटं, त्यातलं कामाचं किती आणि बिनकामाचं किती, दिवसातली सगळ्यात जड वेळ कुठली, आणि ० ते १० मध्ये एकटं किती वाटलं. दोन मिनिटांचं काम आहे.

नोंदी अशा दिसतात:

मंगळवार. क्लायंटचे दोन कॉल, ५५ मिनिटं, सगळी कामाची. जड वेळ संध्याकाळी ६:३०. आकडा ७.
शुक्रवार. वाचनालयात ३ मिनिटं, जुन्या मैत्रिणीशी फोन १२ मिनिटं, बिनकामाची. जड वेळ नाही. आकडा ३.

मंगळवारी शुक्रवारच्या जवळजवळ चौपट बोलणं झालं, तरी आकडा दुपटीहून जास्त. म्हणजे या माणसाला बोलण्याचा तुटवडा नाही, बिनकामाच्या बोलण्याचा आहे. त्याने आणखी चार कॉल लावून घेतले तर तो फक्त दमेल. दुसऱ्या कुणाच्या वहीत उलटं दिसेल: घरी गप्पा भरपूर, पण धंद्यातलं एक अक्षर समजणारं कुणी नाही. चौदा दिवस यासाठी की एका आठवड्यात एखादी डेडलाइन किंवा सर्दी सगळं चित्र बिघडवते.

याच्या जोडीला, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तीन प्रश्न स्वतःला विचारा: सोबत नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. 'क्वचित'ला १, 'कधीकधी'ला २, 'बऱ्याचदा'ला ३. एकाकीपणा मोजण्याच्या एका प्रसिद्ध, वीस प्रश्नांच्या मापनश्रेणीची ही छोटी आवृत्ती २००४ साली तयार झाली. बेरीज ३ ते ९ मध्ये येते आणि ६ किंवा त्याहून जास्त आली तर बऱ्याच अभ्यासांत त्या व्यक्तीला एकाकी धरतात. हे निदान नव्हे. पुढे तीन महिन्यांनी तुलना करायला हाताशी एक आकडा असावा, एवढ्यासाठी.

गळती कुठे आहे

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले: जिवाभावाचं माणूस नसणं आणि ज्यात आपण धरले जातो असा गोतावळा नसणं. त्याचा महत्त्वाचा मुद्दा असा की एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. घरात प्रेमाचं माणूस असूनही गोतावळ्याविना माणूस कासावीस होऊ शकतो आणि पन्नास ओळखी असूनही रात्री फोन करायला कुणी नसतं.

फ्रीलान्स लेखकाच्या बाबतीत आणखी दोन भोकं दिसतात. एक, साक्षीदार नसतो. तुम्ही आज सहा तास बसून परिच्छेद चार वेळा फिरवला की दिवसभर खिडकीबाहेर बघितलं, जगात कुणाला कळत नाही. कालांतराने स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही. दोन, धंद्याचं बोलायला कुणी नसतं. 'तिसऱ्यांदा ब्रीफ बदललं' (म्हणजे काम कसं हवं ते क्लायंटने पुन्हा फिरवलं) या वाक्यावर ज्याच्या तोंडून आपसूक 'अरे देवा' निघतं, तसं माणूस नसतं.

वहीवरून यातलं सगळ्यात मोठं भोक शोधा आणि पहिले सहा आठवडे तेवढंच बुजवा. चारही एकदम हातात घेतली की तिसऱ्या आठवड्यात सगळी सुटतात.

साक्षीदार हवा असेल तर: मूक बैठक

दोन ते चार जणांनी व्हिडिओ कॉल लावून, आवाज बंद ठेवून, आपापलं काम करायचं. ऐकायला वेडगळ वाटतं, पण चालतं. वेळापत्रक असं ठेवा: ९:२५ ला लिंक उघडते, ९:३० ला जे असतील त्यांच्यासह सुरू. पहिल्या तीन मिनिटांत प्रत्येकाने एका वाक्यात आपलं काम सांगायचं. मग पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं सुट्टी, पुन्हा पन्नास मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत काय झालं ते सांगायचं, का झालं नाही ते सांगायचं नाही. जवळपास दोन तासांत आटपतं. आठवड्यातून दोनदा पुरे.

काम सांगताना 'लेख पुढे नेणार' असं म्हणू नका, त्याला ना सुरुवात ना शेवट. 'दुसरा भाग, ४०० शब्द' किंवा 'मुलाखतीचं पहिल्या वीस मिनिटांचं लेखन' असं सांगा. ज्याचं संपादन चालू आहे त्याचे शब्द वाढायच्या ऐवजी कमी होतात, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या मापात बोलायचं. सगळ्यांना शब्दसंख्येची एकच फूटपट्टी लावली की महिन्याभरात कुणीतरी गुपचूप गळतो.

कॅमेरा चेहऱ्यावर रोखून ठेवू नका. लॅपटॉप जरा तिरपा करा, हात आणि खांदा दिसला तरी काम भागतं. स्वतःचा चौकोन लपवण्याची सोय असते, ती वापरा. दोन तास स्वतःकडे बघत बसण्याने थकवा येतो.

बैठका बिघडतात त्या ठरलेल्या कारणांनी. उशिरा येणाऱ्यासाठी थांबणं हे पहिलं: एकदा दहा मिनिटं थांबलात की पुढच्या वेळी सगळेच दहा मिनिटं उशिरा येतात. चारच्या वर माणसं झाली की सुरुवातीची तीन मिनिटं पंधरावर जातात. गप्पांची हौस असेल तर ती शेवटी, ज्यांना थांबायचंय त्यांच्यापुरती, पंधरा मिनिटं. आणि सगळी व्यवस्था एकाच्या खांद्यावर असेल तर तो आजारी पडला की बैठकही आजारी पडते. म्हणून लिंक कायमची एकच ठेवा आणि ती उघडण्याची पाळी लावा.

प्रत्येक काम तिथे नेऊ नका. कच्चा खर्डा, विशेषतः जो अजून डोक्यात नीट बसलेला नाही, त्याला बऱ्याचदा खरा एकांतच लागतो. बिलं करणं, मुलाखती उतरवून काढणं, संदर्भ तपासणं, प्रुफं वाचणं, ज्या ईमेलला उत्तर द्यायचं टाळतोय ती ईमेल, ही बैठकीची कामं.

ओळखीचे चेहरे हवे असतील तर: एक जागा, एक वार, एक वेळ

इथे जवळीक लागत नाही. मान हलवणारी, 'आज उशीर झाला वाटतं' म्हणणारी माणसं लागतात. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ च्या संशोधनात दिसलं की ज्या दिवशी अशा किरकोळ ओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त देवाणघेवाण होते, त्या दिवशी लोकांना जास्त बरं आणि आपण कुठेतरी सामावलेले आहोत असं वाटतं. लेखक मंडळी अशा बोलण्याला वरवरचं म्हणून नाक मुरडतात. मुरडू नये. खोल बोलणं बहुतेकदा याच उथळ पाण्यातून पुढे जातं.

वाचनालय, चहा-कॉफीची जागा, कोवर्किंग (भाडं देऊन बसायची सामाईक कामाची जागा), काहीही चालेल. आठवड्यातून दोन ठरलेले वार, ठरलेली वेळ, दोन तास. जागा कोपऱ्यातली घेऊ नका, येण्याजाण्याच्या वाटेजवळची घ्या. पहिली आणि शेवटची दहा मिनिटं हेडफोन काढून बसा. हेडफोन म्हणजे दाराला लावलेली कडी आहे. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत काहीही घडत नाही, ते तसंच असतं. मग कधीतरी मान हलते, पुढे एखादं वाक्य होतं. वाक्य जागेबद्दलचं असू द्या: 'इथलं प्लग पॉइंट चालतं का?' समोरच्याला एका शब्दात उत्तर देऊन सुटता आलं पाहिजे, म्हणजे त्याच्यावर दडपण येत नाही.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे दर वेळी नवी जागा. बदल म्हणून ते छान असतं, पण अशाने माणूस दहा ठिकाणी परका राहतो. ओळख ही पुनरावृत्तीतून येते. सहा आठवडे एकच जागा धरा. त्यानंतरही कुणाची मान हलली नाही तर जागा बदला, वार आणि वेळ तीच ठेवा.

कोवर्किंगचं महिन्याचं सदस्यत्व घेण्याआधी दोन वेगवेगळ्या वारांना एकेक दिवस बसून पाहा. दुपारी लोक एकत्र बसून जेवतात का, हे बघा. सगळे आपापल्या टेबलावर हेडफोन लावून कॉल घेत असतील तर तिथे एकटेपण तेच राहील, फक्त भाडं द्यावं लागेल.

याहून पक्का उपाय म्हणजे अशी जागा जिथे तुमचं काही काम आहे: गाण्याचा वर्ग, खेळाचा संघ, आठवड्यातून एकदा मुलांना वाचून दाखवणं, झाडांची निगा. कसोटी एकच लावा. तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल का? येत असेल तर ती जागा सोडू नका, आणि ती लिखाणाशी संबंधित नसेल तर उत्तमच.

धंद्यातली माणसं

मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपात दोनशे लेखक असतात आणि त्यातलं कुणीच आपलं नसतं. इथे तीन ते पाच माणसं पुरतात. शक्यतो कामाचा प्रकार मिळताजुळता असावा, ग्राहक तेच नसावेत. एकाच दारात उभं राहणाऱ्यांना मोकळेपणाने बोलणं जड जातं.

शोधायचं कुठे? ज्यांचं काम तुम्ही वाचता तिथेच. ज्यांच्याबरोबर एखाद्या अंकात, प्रकल्पात नाव छापलं गेलं ते. पूर्वी तुमच्याबरोबर नोकरी करून आता फ्रीलान्स झालेले. तुमच्या मजकुराचं संपादन किंवा मांडणी करणारे. लेखक या लोकांना विसरतात, आणि तेही तितकेच एकटे बसलेले असतात.

पहिला मेसेज छोटा, नेमका आणि नाही म्हणायला सोपा हवा. उदाहरणार्थ:

'नमस्कार. पाणीपुरवठ्यावरचा तुमचा लेख वाचला. मुलाखतीतली वाक्यं तुम्ही बोलीतच ठेवलीत, ते फार आवडलं. माझंही काम याच प्रकारचं, फ्रीलान्स. धंद्याबद्दल वीस मिनिटं फोनवर बोलायला आवडेल. बुधवारी किंवा गुरुवारी चारनंतर जमेल का? या महिन्यात नाही जमलं तरी हरकत नाही.'

यात चार गोष्टी आहेत: खरोखर वाचल्याचा पुरावा, आपण कोण, किती वेळ हवा, आणि सुटकेची वाट. 'कधीतरी भेटू या' यात यातलं एकही नाही, म्हणून ती भेट कधीच होत नाही. आठ-दहा मेसेज पाठवायची तयारी ठेवा. काहींची उत्तरं येणार नाहीत. एकदा, दहा दिवसांनी, आठवण करा आणि मग सोडून द्या.

फोन झाल्यावर 'आपण फार बोललो का, त्यांना कंटाळा आला असेल' असं वाटेल. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाशी बोलल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक सरासरी कमीच बांधतात. तेव्हा त्या शंकेला फारशी किंमत देऊ नका आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोन करा.

तीन-चार जण जमले की पंधरवड्यातून एकदा, एक तास. पहिली वीस मिनिटं एकाच्या अडचणीवर, पुढची वीस दुसऱ्याच्या, शेवटची वीस मोकळी: दर, उशिरा येणारं मानधन, करारातली कलमं, नवी कामं. आकडे उघड बोलले पाहिजेत. दराबद्दल संकोच धरणारा गट कितीही गोड असला तरी उपयोगाचा नाही, कारण या धंद्यातल्या एकटेपणाचा मोठा भाग 'बाकीच्यांना किती मिळतं' हे न कळण्यातच असतो.

मजकूर वाचून दाखवायचा असेल तर १,००० शब्दांची मर्यादा घाला, दोन दिवस आधी पाठवा, आणि लेखकाने स्वतः सांगायचं की त्याला काय हवंय: 'कुठे कंटाळा आला तेवढंच सांगा', किंवा 'शेवट पटतो का'. हे न सांगता मजकूर टाकला की एक जण जोडाक्षरं तपासतो, दुसरा विषयच बदलायला सांगतो आणि लिहिणारा पुढच्या वेळी येत नाही.

असे गट बहुधा भांडणाने मरत नाहीत, रडगाण्याने मरतात. प्रत्येक तासात क्लायंटच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं की हलकं वाटतं, पण उठताना माणूस आधीपेक्षा जड असतो. तक्रारीला दहा मिनिटं द्या, घड्याळ लावून.

नाव नसलेलं काम

घोस्टरायटिंग, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिहून देण्याचं काम, करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. पुस्तक निघतं, लोक वाचतात, बोलतात, आणि ज्याने लिहिलं त्याला 'हो का, छान' एवढंच म्हणता येतं. जाहिरातीचा मजकूर, भाषणं, कंपन्यांचे अहवाल लिहिणाऱ्यांनाही हे थोडंफार लागू आहे. इथे माणसं कितीही भेटली तरी काम लपलेलंच राहतं, म्हणून उपाय करारापासून सुरू होतो. सही करण्यापूर्वी गोपनीयतेचं कलम वाचा आणि एवढी तरी मोकळीक मागा: नाव न घेता कामाचा प्रकार आणि आकार सांगता यावा ('एका उद्योजकाचं आत्मचरित्र, ६०,००० शब्द'). दुसरं, काम संपल्यावर त्या व्यक्तीकडून दोन ओळींचा अभिप्राय लेखी मागून घ्या, तो कुठे छापायचा नसला तरी. तिसरं, वर्षभर आपल्या नावाचं एक छोटं काम चालू ठेवा, महिन्याला ८०० शब्दांचं का होईना. पैशाच्या हिशेबात ते बसणार नाही. वाचकाचं पत्र येण्यासाठी पत्त्यावर नाव लागतं.

संपादकाची शांतता

ड्राफ्ट गेला. एक दिवस, तीन दिवस, आठवडा, उत्तर नाही. भरल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला वाटतं, कामात असतील. एकट्या बसलेल्याला वाटतं, आवडलं नाही, आता पुढचं काम नाही, मुळात आपल्याला लिहिताच येत नाही. चौथ्या दिवसापर्यंत डोक्यात खटला चालून शिक्षाही झालेली असते.

याला कारण आहे. जॉन कॅसिओपो या संशोधकाने एकाकीपणाला भूक-तहानेसारखा शरीराचा इशारा मानलं: माणसांपासून तुटलास, परत जा, असं सांगणारा. पण हाच इशारा मनाला सावधही करतो, आणि सावध मन साध्या गोष्टीतही नकार वाचतं. नकार दिसला की माणूस आणखी मागे सरतो. कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकाकीपणावरच्या निरनिराळ्या उपायांचा एकत्र आढावा घेतला. तेव्हा नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा माणसांबद्दलचे असे चुकीचे अंदाज तपासायला शिकवणारे उपाय जास्त परिणामकारक दिसले. म्हणूनच केवळ 'बाहेर पड, लोकांत मिसळ' हा सल्ला पुरत नाही.

तपासायची रीत कागदावरची आहे. तीन ओळी. पहिलीत जे घडलं तेवढंच: '१२ तारखेला ड्राफ्ट पाठवला, आज १८, उत्तर नाही.' दुसरीत मनाने काढलेला अर्थ: 'त्यांना आवडलं नाही.' तिसरीत त्याच घटनेचे आणखी तीन शक्य अर्थ: अंक बांधणीला गेलाय, ईमेल तळाशी गेली, ते रजेवर आहेत. मग कुठला अर्थ खरा यावर डोकं न घालवता विचारून मोकळं व्हायचं:

'नमस्कार, १२ तारखेला पाठवलेला ड्राफ्ट मिळाला ना, एवढंच विचारायचं होतं. बदल शुक्रवारपर्यंत कळले तर सोमवारी लगेच हातात घेता येतील.'

माफी नाही, 'त्रास देतोय' नाही. काम हातात घेतानाच 'साधारण किती दिवसांत अभिप्राय येतो?' असं विचारून ठेवलंत तर हा खटला उभाच राहत नाही. आणि ज्याच्याशी वर्षभर काम चाललंय अशा संपादकाला दोन महिन्यांतून एकदा ईमेलऐवजी फोन करा. आवाज ऐकलेल्या माणसाची शांतता कमी बोचते.

जवळची माणसं

घरात माणसं असली की बाहेरच्यांना वाटतं, तुला कसलं एकटेपण? पण दर पंधरा मिनिटांनी 'हे कुठे ठेवलंय?' विचारायला येणं ही सोबत नव्हे, तो व्यत्यय. दार बंद असण्याची वेळ आणि दार उघडं असण्याची वेळ, दोन्ही सांगून ठेवा. लोक फक्त पहिली सांगतात. काम संपल्यावर घराबाहेर पंधरा मिनिटांची चक्कर मारा आणि मग 'कामावरून घरी या'. त्यानंतर दहा मिनिटं हवी असतील तर मागून घ्या: 'आज काय झालं ते सांगायचंय, उपाय नको, फक्त ऐक.' आणि तेवढीच दहा मिनिटं त्यांचं ऐका.

नोकरी करणाऱ्या मित्रांचं घड्याळ वेगळं असतं. आपल्याला अकरा वाजता गप्पा माराव्याशा वाटतात, तेव्हा ते मीटिंगमध्ये असतात. त्यांच्या प्रवासाच्या किंवा जेवणाच्या वेळेत, ठरलेल्या वारी, दहा-बारा मिनिटांचा फोन लावा. तासभराच्या निवांत फोनची वाट पाहण्यात वर्षं जातात.

नव्या मैत्रीचा अंदाज हवा असेल तर जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासातले आकडे बघा: ओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आठवड्याला दोन तास धरले तर पहिल्या टप्प्याला सहा महिने लागतात. पंधरवड्यातून एक तास धरला तर जवळजवळ दोन वर्षं. म्हणून तीन भेटींनंतर 'काही जुळलं नाही' असा निकाल देऊ नका, आणि नवी माणसं शोधण्यापेक्षा ज्यांच्या खात्यावर आधीच तास जमा आहेत अशा जुन्यांपासून सुरुवात करा. दोन वर्षं न बोललेल्या मित्राला 'अचानक आठवण आली' एवढं म्हणायलाही चालतं. दोन वर्षांचा खुलासा कुणी मागत नाही.

सोशल मीडियाबद्दल थोडक्यात: लिहून बाहेर पडणाऱ्यांचं बरं चालतं, नुसतं खाली सरकवत बसणाऱ्यांचं बिघडतं. चॅटबॉटशी गप्पा मारून संध्याकाळ निघते, पण तुम्ही गेला नाहीत तर लक्षात येण्याची कसोटी तो पार करत नाही.

पैशाची ओढाताण

काम नसलेले आठवडे आणि एकटेपण हातात हात घालून येतात. मानधन अडकलं की माणूस आधी भेटी रद्द करतो, खर्च होईल म्हणून आणि 'काय चाललंय' या प्रश्नाचं उत्तर नाही म्हणूनही. ज्या आठवड्यात माणसं सगळ्यात जास्त हवीत त्याच आठवड्यात ती नाहीशी होतात. तेव्हा निदान दोन ठरलेल्या भेटी बिनखर्चाच्या ठेवा: मूक बैठक आणि चालायला जाणं. त्या पैशावर कधीच अवलंबून नसाव्यात. आणि प्रश्नाचं एक उत्तर आधीच तयार ठेवा: 'या महिन्यात काम कमी आहे, शोधतोय.' खरं आणि सहा शब्दांचं.

वाईट दिवस

नोंदीत जड वेळ सापडलेली असते. बहुतेकांची काम संपताना किंवा रविवारी दुपारी येते. तिच्या अर्धा तास आधीच काहीतरी रचून ठेवा, कारण ती आल्यावर काही सुचत नाही. घराबाहेर पडा, पाच-दहा मिनिटं चाला, एका माणसाला आवाजी संदेश पाठवा ज्याला उत्तर लागत नाही ('रस्त्यात हे दिसलं, तू आठवलास'), आणि एका अनोळखी माणसाशी एक वाक्य बोला. वीस मिनिटांत होतं. मन प्रसन्न होईल असं नाही. रात्रीचा आकडा आठवरून सहावर येतो, तेवढं बस. या वेळी मोठे निर्णय, रागाच्या ईमेल आणि 'हा धंदाच सोडावा' हा विचार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाजूला ठेवायचा.

एक सीमा ओळखून असा. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, सोपं वाक्यही वाचून डोक्यात शिरत नसेल, तर हे वेळापत्रकाचं काम राहिलेलं नाही. डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा आणि ही वही बरोबर न्या. 'कधीपासून, किती' याचं उत्तर तिच्यात असतं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, तुमच्याकडच्या हेल्पलाइनला किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा, एकटे थांबू नका.

महिन्याची तपासणी

चौदा दिवसांनंतर रोजची नोंद बंद करा, नाहीतर तीच एक सवय होऊन बसते. त्याऐवजी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस नोंद ठेवा आणि आधीच्या पानाशी ताडून बघा. ठरवलेल्यांपैकी कुठली भेट तीनदा हुकली? ती वेळच चुकीची आहे. माणूस तोच ठेवून वार बदला. कुठल्या भेटीनंतर आकडा सतत वाढतो? ती बंद करा, ती कितीही प्रतिष्ठित मंडळींची असली तरी. सहा आठवडे झाले असतील आणि पहिलं भोक बुजल्यासारखं वाटत असेल तर दुसरं हातात घ्या. मोठी डेडलाइन येणार असेल तर त्या आठवड्यातल्या भेटी आत्ताच अर्ध्या करा, रद्द मात्र करू नका: तासाची वीस मिनिटं, प्रत्यक्षाऐवजी फोन. रद्द केलेली भेट परत लावायला साधारण तीन मेसेज लागतात, आणि डेडलाइन संपल्यावर ते लिहायचं त्राण कुणालाच नसतं.